चड्डी दोरीवरच वाळली पाहिजे

पाळीत वापरायची, धुऊन पुन्हा वापरता येणारी चड्डी आता आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही येऊन पोहोचली आहे. मोबाइलवर मागवली की घरपोच मिळते. पुण्याला नोकरी करणारी एखादी भाची ईदच्या सुट्टीत येताना दोन नग घेऊन येते. आणि आता तर संस्थाही खोके घेऊन शाळांत येतात, मुलींना रांगेत उभं करून वाटतात, फोटो काढतात आणि जातात. तिला पिरियड पॅन्टी म्हणतात. मी चड्डीच म्हणणार आहे. ज्यांना हा शब्द वाचवत नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे रक्त, साबण आणि दोरी या तिन्ही गोष्टी येणार आहेत.

वस्तूला माझा विरोध नाही. ती अर्धवट देण्याला आहे. आठवीच्या मुलींना मी एकदा तिची सगळी माहिती सांगितली, थर दाखवले, धुण्याची रीत सांगितली. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, “आपा, सुखाना किधर?” तेव्हापासून ही चड्डी वाटायला किंवा विकायला आलेल्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारते. उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. बहुतेक जण हसतात.

प्रश्न का महत्त्वाचा आहे ते कळायला आधी ती चड्डी बघावी लागेल. दोन पायांच्या मधल्या भागात तीन-चार थर शिवलेले असतात. अंगाला लागतो तो मऊ थर, त्याखाली रक्त शोषून धरणारा जाड थर, आणि त्याच्याही खाली पातळ अस्तर, रेनकोटच्या कापडासारखं, ज्यातून ओल बाहेर येत नाही. पॅड सरकतं, त्याला घडी पडते, सायकलवर बाजूने गळतं. हिचं तसं होत नाही. कापूस वेचताना दिवसभर वाकणाऱ्या बाईला, दोन-तीन किलोमीटर चालत शाळेत येणाऱ्या मुलीला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पॅडच्या कडेने मांड्या सोलवटत नाहीत. गादीला डाग पडेल या धास्तीने रात्री तीनदा उठावं लागत नाही. हे सगळं खरं आहे आणि ते मी वर्गात सांगते.

पण जो थर रक्त धरून ठेवतो तोच पाणीही धरून ठेवतो. साधी चड्डी मे महिन्यात आमच्याकडे अर्ध्या तासात कडक होते. हिला उघड्या वाऱ्यावरही चार-पाच तास द्यावे लागतात, आणि श्रावणातली झड लागली की दोन दिवस.

धुणं अवघड नाही, फक्त घाईत होत नाही. काढल्यावर लगेच थंड पाण्यात. गरम पाणी अजिबात नको, त्याने रक्त गोठून धाग्यात बसतं आणि डाग कायमचा होतो. वीस-पंचवीस मिनिटं भिजू द्यायची, मग दाबत दाबत पाणी बदलायचं, पाणी निवळ दिसेपर्यंत. नंतर साधा साबण. ब्लीच नको, कडक ब्रश नको, आणि ते सुगंधी कंडिशनर तर मुळीच नको. त्याचा थर बसला की कापड शोषायचंच थांबतं. चादर पिळतो तसा पीळ घालायचा नाही, अस्तर सुटतं. इस्त्री नाही. रात्रभर भिजत टाकून सकाळी बघू, हेही नाही, कारण वास बसतो आणि मग तो जात नाही.

आता हेच सगळं आमच्या पूर्णाकाठच्या पाण्यात करून बघा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतला बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही. मूत्रपिंडाच्या आजारांमुळे या गावांची नावं वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येत आली आहेत, आणि वान धरणावरून 140 गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली ती याच खाऱ्या पाण्यामुळे. या पाण्यात साबणाला फेस येत नाही. फेस नाही म्हणून बाई आणखी साबण घासते. तो साबण आणि पाण्यातले क्षार जाड थरात बसतात, कापड पत्र्यासारखं होतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात मुलगी म्हणते, टोचतं, मी नाही घालत. चड्डीबरोबर येणाऱ्या चिठ्ठीत याबद्दल एक ओळ नसते. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याच्या नळाला गोडं पाणी येत असणार. आमच्याकडे सांगायला हवं ते एवढंच: पहिली दोन-तीन पाणी खाऱ्या पाण्याची चालतील, साबण बोटभर लाव, आणि शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे राखून ठेव.

मात्र पाणीच नाही, ही सबब मी ऐकून घेत नाही. एक चड्डी नीट धुवायला अर्धी बादली लागते. महिन्यात आठ-दहा वेळा धुतली तरी चार-पाच बादल्या. ज्या मोहल्ल्यात उन्हाळ्यात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, त्याच मोहल्ल्यात शुक्रवारी सकाळी दारोदार मोटारसायकली धुतल्या जातात. एका मोटारसायकलीत एका मुलीचा महिना निघतो.

राहिली दोरी. आणि खरी लढाई तिथेच आहे.

वैशाखात आमच्या गच्च्यांवर काय काय वाळत नसतं! कुरडया, पापड, शेवया, मिरच्या, हळद, चिंच, गोधड्या. बापाची आणि भावाची बनियन-चड्डी रस्त्याकडच्या दोरीवर झेंड्यासारखी फडफडते, तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मुलीची चड्डी मात्र मोरीतल्या खिळ्याला, दाराच्या मागे, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीवर. फारच उदार घर असेल तर बाहेरच्या दोरीवर, पण वर ओढणी आणि ओढणीवर टॉवेल. साध्या चड्डीचं यात एक वेळ भागतं. या तीन थरांच्या चड्डीचं भागत नाही. ती वरून कोरडी लागते, आत ओलीच राहते, आणि ती ओली चड्डी मुलगी सकाळी घालून सात-आठ तास शाळेत बसते. मग खाज, मग पांढरं जाणं, मग ‘गर्मी’ झाली म्हणून घरगुती औषधं. डॉक्टरणीकडे जाईपर्यंत महिना जातो.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. ओडिशात पाचशेहून जास्त बायकांवर केलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीचं कापड घराच्या आत वाळवणाऱ्या आणि मोरी-संडासात ठेवणाऱ्या बायकांमध्ये बुरशीचा संसर्ग जास्त आढळला. दोष नुसत्या पुन्हा वापरण्याचा नाही, ते कुठे वाळतं, कुठे ठेवलं जातं याचाही आहे.

घरातल्या जुन्या बाया यावर चिठ्ठी दाखवतात. बघ, कंपनीनेच लिहिलंय, सावलीत वाळवा. लिहिलेलं असतं, खरं आहे. आमच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात इलास्टिक आणि आतलं अस्तर लवकर सैल पडतं, म्हणून तसं लिहितात. पण कंपनीची सावली म्हणजे वारा खेळणारी गॅलरी किंवा ओसरी. पलंगाखालचा अंधार त्यात धरलेला नाही. चड्डी उलटी करायची, आतली बाजू वर, सकाळचं कोवळं ऊन दोन तास, आणि पुढे उघड्या वाऱ्यात. उतरवताना जाड भागाची शिवण चिमटीत दाबून बघायची. बोटाला गारवा लागला तर ती अजून वाळलेली नाही.

एवढं झाल्यावर कुणीतरी पाकी-नापाकीवर येतोच. हैजचा कपडा नजरेस पडू नये, घरातल्या इतर कपड्यांत जाऊ नये, एकदा लागलेला कपडा पुन्हा वापरू नये. मी आलिमा नाही, पण अरबी-उर्दू वाचता येतं आणि किताबं घरात आहेत. सहीह बुखारीत हजरत अस्मा बिन्त अबू बक्र यांची रिवायत आहे. आमच्यापैकी एखादीच्या कपड्याला हैजचं रक्त लागलं तर तिने काय करावं, असं एका बाईने पैगंबरांना (स.) विचारलं. उत्तराचा आशय असा, की ते खरवडावं, पाण्याने चोळून धुवावं आणि त्याच कपड्यात नमाज पढावी. त्याच कपड्यात. त्या काळच्या बाईला हे विचारताना संकोच वाटला नाही, उत्तर देताना पैगंबरांना वाटला नाही, सांगताना अस्मांना वाटला नाही, आणि पुढे मुहद्दिसांना तो प्रसंग किताबात घ्यायला वाटला नाही. संकोच सगळा आपल्या मोहल्ल्यात येऊन साठला आहे. धुतलेला कपडा पाक आहे. पाक कपडा अंधारात कोंबायचा हुकूम मला कुठल्या किताबात सापडलेला नाही. ज्यांना सापडला असेल त्यांनी पान दाखवावं.

शेजारच्या हिंदू घरांत शब्द वेगळे आहेत, ‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’. दोरी तिथेही आतलीच. बाकी कशावर एकमत होत नाही, पण मुलीची चड्डी लपवण्यावर अख्ख्या गल्लीची एकी आहे.

आता वाटपाबद्दल. आमच्या पट्ट्यातल्या एका शाळेत झालेलं वाटप मी जवळून पाहिलं. सहावीपासून दहावीपर्यंत सगळ्या मुलींना एकच माप. मांडीशी सैल असेल तर ही चड्डी कडेने गळते आणि मग तिचा उपयोगच उरत नाही. घट्ट असेल तर काच पडतो. माप घ्यायला टेप लागते, दहा रुपयांची. आणि प्रत्येकीला किती? एक. पाळी पाच दिवसांची, चड्डी एक. दुसऱ्या दिवशी मुलीने काय करायचं, ओली घालायची का घरी बसायचं? पाकीट छातीशी धरून फोटो मात्र सगळ्यांचा निघाला. ज्या वस्तूला घरात दोरीवर जागा नाही, तिला फेसबुकवर जागा मिळाली.

पैशाचंही बोलू, कारण इथे सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. ‘एकदा घेतली की दोन वर्षं बघायला नको.’ बरं. बरी चड्डी चारशेच्या आसपास पडते. एक अंगावर, एक दोरीवर, एक कोरडी हाताशी, आणि पहिल्या दोन दिवसांत दिवसाला दोन लागतात, म्हणजे किमान पाच. दोन हजार रुपये, तेही एकदम. जन औषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट 2019 पासून एक रुपयाला आहे. महिन्याला पंधरा धरा. वर्षाचे 180, दोन वर्षांचे 360. दोन मुली आणि आई असं घर असेल तर चड्ड्यांचे सहा हजार होतात. हा खर्च महागड्या पॅडशी ताडून बघितला तर वाचतो, एक रुपयाच्या पॅडशी ताडला तर वाचत नाही. उलट बाजूही सांगायला हवी, की जन औषधी केंद्र आमच्याकडे बहुतेक तालुक्याच्या गावी असतं, आणि जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं पॅडपेक्षा जास्त होतं. राज्य सरकारने 2018 च्या महिला दिनी अस्मिता योजना आणली तीच यासाठी, जिल्हा परिषद शाळेतल्या 11 ते 19 वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, बचत गटांमार्फत, गावातच.

कराचाही एक गंमतशीर भाग आहे. पॅडवरचा 12 टक्के जीएसटी जुलै 2018 मध्ये गेला. सवलतीच्या त्या नोंदीत पॅड, नॅपकिन आणि टॅम्पॉन यांची नावं आहेत, या चड्डीचं नाही. ब्रिटनमध्येही असंच होतं, पॅडला सूट आणि चड्डीला कर; तिथे आरडाओरडा झाला आणि 1 जानेवारी 2024 पासून तो कर उठला.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी सांगते, पाच घेऊ नका, दोन घ्या. एक रात्रीसाठी. दुसरी पेपरच्या किंवा प्रवासाच्या दिवसासाठी, आत पॅड लावून, म्हणजे गळायची भीती नाही आणि बदलायचं झालं तर फक्त पॅड बदलेल. बाकीचे दिवस पॅड, नाहीतर धुतलेलं सुती कापड. घेताना वास येऊ नये, डाग बसू नये म्हणून कुठलं रसायन लावलंय का ते वाचा. अमेरिकेत थिंक्स नावाच्या मोठ्या कंपनीवर याच कारणाने खटला झाला. शरीरात साठून राहणाऱ्या पीएफएएस जातीच्या रसायनांचा आरोप होता. कंपनीने तो मान्य केला नाही, पण 2023 मध्ये गिऱ्हाइकांशी तडजोड केली. ‘वास रोखणारी’ असं पाकिटावर ठळक लिहिलेलं दिसलं की मी ती परत ठेवते. नीट धुतलेल्या, वाळलेल्या कापडाला वास येत नाही.

सुती कापड म्हटल्यावर काही ताया नाक मुरडतात, हे माहीत आहे. वीस-पंचवीस वर्षं जाहिरातींनी आणि शिबिरांनी आपल्याला एकच शिकवलं, कापड म्हणजे घाण, कापड म्हणजे मागास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 24 वयाच्या निम्म्या मुलींनी कापड वापरतो असं सांगितलं. त्या सर्वेक्षणाच्या हिशोबात पॅड, गावात बनवलेले नॅपकिन, टॅम्पॉन आणि कप ही स्वच्छ साधनं. कापड त्यात नाही, मग ते कितीही धुवा, कुठेही वाळवा. आमच्या अम्मीच्या पिढीने जुन्या सुती साड्या-ओढण्यांच्या घड्यांवर आयुष्य काढलं. आता तेच कापड तीन थरांत शिवून, गुलाबी खोक्यात घालून चारशेला आलं, तेव्हा ते आधुनिक झालं, पर्यावरणाचं रक्षण करणारं झालं. अम्मीला कमी पडलं होतं ते खोकं नव्हे. पाणी कमी पडलं होतं, आडोसा कमी पडला होता, आणि दोरी कमी पडली होती. तिच्या नातीला आज यातलं काय मिळालंय?

शाळेत तर आणखी निराळी तऱ्हा. शाळेत ही चड्डी बदलणं म्हणजे काय, हे वाटणाऱ्यांपैकी किती जणींनी करून पाहिलंय? पॅड बदलायला सलवार गुडघ्यापर्यंत सरकवली की झालं. चड्डी बदलायची तर बूट-मोजे काढायचे, सलवार पूर्ण उतरवायची आणि ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहायचं. खुंटी नसते, म्हणून सलवार गळ्यात आणि ओढणी दातात. दाराला कडी नसते, म्हणून मैत्रीण बाहेरून दार धरून उभी. एवढं करून काढलेली भिजकी चड्डी ठेवायची कुठे? दप्तरात, डब्याच्या शेजारी? मुलगी यापेक्षा घरी राहणं पसंत करते, आणि हजेरीपत्रकात आम्ही ‘गैरहजर’ लिहितो.

डागाची भीती तरी खोटी आहे का? जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून, पाळी कुणाला आली आहे हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याच्या आरोपावरून मुख्याध्यापिकेलाच अटक झाली. मुंबईपासून दोन-अडीच तासांवरची शाळा. मुलींनी त्या बातमीतून काय घ्यायचं ते घेतलं. त्यानंतर माझ्या वर्गातल्या दोघींनी मला वेगवेगळं येऊन विचारलं, आपल्याकडे असं करतात का?

तेव्हा चड्डी वाटायला येणाऱ्यांना शाळेने चार अटी घालाव्यात. माप घेऊनच द्या. एकीला तीनपेक्षा कमी देणार असाल तर देऊ नका, त्यापेक्षा पॅड द्या. धुण्या-वाळवण्याची चिठ्ठी मराठीत आणि उर्दूत, दोन्हींत हवी. आणि बाप-भावांची एक बैठक घ्या, मुलींशिवाय, कारण दोरी बांधलेली असते त्यांच्या भिंतीला आणि नजर असते त्यांची. ही चौथी अट ऐकून निम्मे लोक परत जातील. जाऊ द्या.

आपल्या हातातही काही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. समग्र शिक्षेतून सरकारी शाळांना मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. शंभराच्या वर आणि अडीचशेपर्यंत पट असलेल्या शाळेला हे अनुदान 50 हजार, म्हणजे स्वच्छतेचे 5 हजार. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, भिंतीला दोन खुंट्या, झाकणाची एक बादली, आणि मागच्या बाजूला जिथे ऊन येतं तिथे एक तार, एवढं त्यात सहज बसतं आणि वर झाडूला पैसे उरतात. पुढच्या सभेत हा विषय मांडा. मांडताना शब्द ‘चड्डी’ असाच वापरा आणि इतिवृत्तात तसाच लिहून घ्या. ‘मुलींच्या अडचणीबाबत चर्चा’ असं लिहिलं, की विषय त्याच सभेत पुढच्या सभेवर ढकलला जातो.